पाचशेपन्नास पौंडांची दोरी

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण नायलॉन यायच्या आधीची आहे. पॅराकॉर्ड नावाच्या नायलॉनच्या दोरीचं टोक लायटरवर धरून बघा. आधी ते आखडतं, मग चकाकतं, मग त्याचा काकवीसारखा थेंब होतो आणि पीळ, पेड, वीण सगळं त्या थेंबात विरून जातं. थेंब गार व्हायच्या आत चमच्याच्या पाठीने दाबायचा, म्हणजे टोक चपटं बसतं आणि उसवत नाही. बोटाने दाबायचा नाही. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याचा तांबूस डाग अजून आहे. बायको म्हणते, "ऑफिसात काय सांगतोस, शिकारीत भाजलं?"

शिकार मी करत नाही. शिकाऱ्यांना दोऱ्या करून देतो. बंदुकीचा पट्टा, गळ्यात शिट्टी अडकवायचा गोफ, चाकूच्या मुठीचा गोंडा, मचाणावर सामान ओढून घ्यायची दोरी, मारलेलं हरीण जंगलातून ओढत आणायची दोरी. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची पाच हा उद्योग चाललाय. गराजमध्ये एका फळीवर दोन खिळे ठोकलेत, तोच माझा माग. नोव्हेंबर जवळ आला की तिथे रोज रात्री तासभर बसतो.

नोव्हेंबर का, ते इथे राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत आमच्या ऑफिसातला निम्मा मजला रिकामा असतो आणि पेट्रोलपंपावर पहाटे चारला कॉफीला रांग लागते. रांगेतला प्रत्येक जण केशरी. कायदाच आहे तसा. कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक केशरी हवेत, २०१६ पासून भडक गुलाबीही चालतात. आल्या वर्षी मला वाटलं होतं, कुठली तरी दिंडी निघालीय.

सुरुवात मुलीमुळे झाली. शिबिरात शिकलेलं पॅराकॉर्डचं ब्रेसलेट तिने निम्म्यावर सोडून दिलं. तीन दिवस ते जेवणाच्या टेबलावर लोळत होतं. चौथ्या दिवशी उचलून बघतो तर गाठ ओळखीची. बार्शीच्या माझ्या मावशीने एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येक कुंडीला मॅक्रमेचं शिंकं केलं होतं. शिवाय भिंतीवर घुबड आणि टीव्हीला झालर. ते अख्खं घुबड ह्या एकाच गाठीने भरलेलं होतं. इथे तिला कोब्रा म्हणतात. घुबडाच्या पोटात नाग आहे हे मावशीला कळलं असतं, तर तिने दोऱ्याचं रीळ तिथेच टाकून दिलं असतं.

गाठ सोपी आहे. मधे दोन उभे पेड ताणून ठेवायचे, दोन्ही बाजूंना एकेक मोकळा. डावा पेड उभ्यांवरून आडवा उजवीकडे न्यायचा. उजवा त्याच्या शेपटीवरून खाली सोडायचा, उभ्यांच्या मागून फिरवून डाव्याच्या कमानीतून वर काढायचा आणि दोन्ही ओढायचे. पुढची गाठ उजवीकडून. मग डावीकडून. एकच बाजू लागोपाठ घेत गेलात की पट्टा जिन्यासारखा मुरगळत जातो, आणि ते चार गाठी पुढे गेल्यावर लक्षात येतं, त्याआधी कधीच नाही. विणलेल्या एका इंचाला साधारण एक फूट दोरी जाते. तीस इंचांचा पट्टा करायचा तर तीस फुटांच्या खाली सुरुवातच करायची नाही. निम्म्यात दोरी संपली की जोड लावावा लागतो, आणि शिकाऱ्याचं बोट अंधारात नेमकं त्या जोडावर जातं.

आमच्या शेजारच्या आजोबांनी ते ब्रेसलेट माझ्या मनगटावर पाहिलं. दूध काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करत सगळी काउंटी पालथी घातलेला माणूस, वय आता सत्त्याहत्तर. दुसऱ्या दिवशी ते रायफल घेऊनच माझ्या दारात उभे. मी जागच्या जागी थिजलो. त्यांनी नळी जमिनीकडे धरली, बोल्ट मागे ओढून आतलं रिकामं घर मला दाखवलं, स्वतःही बोट घालून चाचपलं आणि मग विचारलं, "हिचा चामडी पट्टा कुजलाय. तुझ्या त्या दोरीचा होईल का?"

मी हौसेने निळा-काळा केला. पैठणीच्या काठासारखा दिसत होता. आजोबांनी उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "रंग फार सुरेख आहे. हरणालाही सुरेख दिसेल." मला वाटलं चेष्टा करतायत. पण हरणाच्या डोळ्यांची गंमत अशी, की केशरी आणि हिरवा त्यांना जवळपास सारखेच. निळा मात्र आपल्यापेक्षाही चांगला दिसतो. म्हणून माणसांनी माणसांना ओळखावं म्हणून घातलेलं भडक केशरी जाकीट हरणाला पाचोळ्यासारखं वाटतं, आणि निळी जीन्स उठून दिसते. पट्टा उसवला. उसवताना कळलं की नीट आवळलेली कोब्रा उसवायला विणण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

दुसरा मातकट रंगाचा. तो घेऊन ते दोन मैल चालून आले आणि म्हणाले, "बंदूक पाठीवर उड्या मारते."

ही चूक दोरीची नव्हती, माझी होती. पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची दोरी. ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानचं रेशीम मिळेनासं झाल्यावर अमेरिकेची पॅराशूटं नायलॉनची होऊ लागली. छत्री उघडते तेव्हा माणसाला जो हिसका बसतो, तो दोरीने ताणून सोसायचा असतो. ताणणं हा तिचा गुण. मी त्या गुणावर चार किलोची रायफल टांगली होती, आणि तीही मधल्या दोनच पेडांवर. बाजूची सगळी नक्षी भार घेतच नाही. पुढच्या वेळी मधे चार पेड घेतले आणि विणण्याआधी दोरी गरम पाण्यात भिजवून वाळवली. जे काय आखडायचं ते आधीच आखडून घे बाई, म्हटलं.

खरी दोरी ओळखायची खूणही आजोबांनीच शिकवली. टोक कापायचं आणि आतले धागे मोजायचे. बाहेर विणलेलं कवच असतं, आत सात ते नऊ सुटे धागे, आणि तो प्रत्येक धागा पुन्हा पिळलेला. पाचशेपन्नास पौंड, म्हणजे अडीचशे किलो, हा तिचा आकडा. म्हणून दुकानात नुसतं 'फाइव्ह-फिफ्टी' म्हटलं की पुरतं. स्वस्तातल्या दोरीत आत कापसासारखा नुसता भुसा निघतो. रस्त्यात अडलं तर आतला एक धागा ओढून काढायचा, त्याने कोट शिवता येतो, मासाही धरता येतो.

मात्र एक दोरी मी करून देत नाही. मचाणावर बसताना माणूस झाडाला स्वतःला बांधून घेतो, ती. गल्लीतल्या एकाने मागितली होती. म्हणाला, मी नव्वद किलोचा, दोरी अडीचशेची, काय बिघडलं? बिघडतं हे, की अडीचशे किलो हा शांतपणे लोंबणाऱ्या वजनाचा हिशेब आहे. पडणारा माणूस झटक्यात थांबतो तेव्हा त्याचं वजन कैक पटींनी दोरीवर येतं, आणि जिथे गाठ तिथे दोरी आधीच अशक्त झालेली असते. त्याला म्हटलं, बाजारातून पट्ट्यांचा नीट हार्नेस आण. तो थोडा रुसला. बंदूक वर ओढून घ्यायची तीस फुटी दोरी मात्र आनंदाने केली: टोकाला हुक, रंग केशरी, आणि हुक घोड्याच्या कडीत कधीही अडकवायचा नाही हे तीनदा सांगून. बंदूक रिकामी, नळी खाली, माणूस आधी वर, बंदूक मागून.

हे सगळं फोनवर आईला सांगत होतो. ती ऐकून घेते आणि मग एकच काहीतरी बोलते. म्हणाली, "आरं, शिकून-सवरून तिकडं गेलास, ते दावी वळाय व्हय?"

हसलो. पण फोन ठेवल्यावर गराजमध्ये बसलो तेव्हा ते वाक्य सुटेना.

आमच्या घरात दावी लागायची भरपूर, पण वळली कधीच नाहीत. पोळ्याच्या आधी बैलांना नवी वेसण, नवी म्होरकी, नवे कासरे यायचे. मोट चालू होती तोवर नाडा-सोंदूरही यायचा. ते सगळं यायचं गावाच्या खालच्या अंगाच्या मातंगवाड्यातून, एका म्हाताऱ्याच्या हातचं. घायपाताची पानं ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली कुजत घातलेली असत. त्या वासाने आम्ही पोरं नाक धरून पळायचो. कुजलेली पानं तो धोपटायचा, धुवायचा, आणि पांढराशुभ्र वाख बाभळीवर वाळत टाकायचा. मग पीळ. एक पोरगा लांब उभा राहून लाकडी फिरकी फिरवायचा आणि म्हातारा वाख सोडत सोडत मागे सरकत जायचा, सबंध बोळभर, मागे न बघता. तीन पेड झाले की त्यांना एकमेकांत उलटा पीळ. घायपाताने हात खाजतात. त्याचे तळवे नारळाच्या करवंटीसारखे झाले होते.

मी सहा वर्षांचा होतो, तो साठीच्या पुढचा. मी त्याला नावाने, एकेरी हाक मारायचो. घरात कुणी कधी टोकलं नाही. आत्ता लिहितानासुद्धा हात 'तो' लिहून गेला. वर चार ओळींत बघा. शेजारच्या आजोबांना मात्र पहिल्या वाक्यापासून 'ते'. खोडून दुरुस्त करणार होतो, मग तसंच ठेवलं.

मोबदला पैशांत नसायचा. खळं झालं की ते यायचे. उपरणं पसरून उभे राहायचे, आणि आजी माप उंच धरून वरून ज्वारी ओतायची. थोडी बाहेर सांडायची. ती ते खाली बसून वेचून घ्यायचे.

पुढे बार्शीच्या बाजारात नायलॉनच्या दोऱ्या आल्या. हिरव्या, निळ्या, वजनावर मिळणाऱ्या. कुजत नाहीत, खाजत नाहीत, उंदीर खात नाही. बैलांच्या नाकाला काचतात, पण बैल तरी किती राहिले होते. दोन-तीन पोळ्यांत ओढ्याच्या डबक्यातली पानं दिसेनाशी झाली. मी गराजमध्ये ज्या धाग्याची नक्षी विणतो, त्याच धाग्याने त्यांचं काम बंद पाडलं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आईच्या टोमण्याने सुचलं.

गेल्या हंगामात आजोबा म्हणाले, "दोऱ्या देतोस, एकदा ये तरी." गेलो. बंदूक त्यांची, मी नुसता बघ्या, अंगावर केशरी जाकीट. जंगलाच्या कडेला त्यांनी फळ्यांची छोटी खोली केलीय, खिडकीएवढी फट ठेवून. तापमान उणे आठ. पहाटे पाचपासून आम्ही दोन बादल्यांवर बसलेलो. बोलायचं नाही, खोकायचं नाही. झाडं आधी काळी होती, मग करडी झाली, मग एकेक फांदी वेगळी दिसायला लागली.

सव्वासातला ती आली. मादी. पाय इतके बारीक, की ते पाचोळ्यात टेकतायत का नाही असं वाटावं. चार पावलं आणि थांबणं. पुन्हा चार पावलं. आजोबांनी रायफल उचलायला खांदा फिरवला आणि त्यांच्या गळ्यातल्या गोफाचं बक्कल फळीला लागलं.

टक.

एवढाच आवाज. प्लॅस्टिकचं बक्कल, मीच बसवलेलं, दहाच्या पाकिटातलं. तिने मान वर केली. कान आमच्याकडे वळले. पुढचा एक पाय उचलून तिने जमिनीवर आपटला, थांबली, पुन्हा आपटला. मग नाकातून फुस्सकन हवा सोडली, शेपटी वर झाली, खालचं पांढरंशुभ्र झळकलं, आणि तीन उड्यांत जंगल रिकामं.

मला काय बोलावं कळेना. आजोबांनी बक्कल बोटात धरून पाहिलं, उघडलं, मिटलं. टक. टक. "तुझ्या गराजमध्ये हा आवाज मोठा वाटत नाही," एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं होतं. ते त्यांना सांगितलं नाही.

त्या रात्री सगळी बक्कलं काढून टाकली. त्यांच्या जागी एका टोकाला पैलू पाडल्यासारखी गोल गाठ, दुसऱ्या टोकाला तिच्या मापाचा फास, बंडीच्या गुंडीसारखं. आवाज शून्य. हातमोजे घालूनही लागतं.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे लोक शिकार करतात का. म्हटलं, १९७२ च्या कायद्यानंतर जवळजवळ बंदच. आधी? आधी राजे, साहेब, आणि फासेपारधी. पारध्यांना बंदूक लागत नसे. दोरी हेच त्यांचं हत्यार, नावातच फास. तितर-लाव्ह्यांच्या वाटेवर फाशांची रांग लावायची आणि हाकारायचं. आजोबा खूश झाले, असे कसबी लोक अजून आहेत का म्हणाले. मग पुढचं सांगावं लागलं, की इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधीही ओढले गेले. १९५२ साली तो शिक्का पुसला, पण कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर जाणारे पोलीस मी स्वतः पाहिलेत. आजोबा बराच वेळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. त्यांच्या खिशात त्या वर्षीचा परवाना होता. मी उगाच तिकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "तुझी ओढायची दोरी घेऊन ये. माझी पाठ धरलीय."

ओढ्याच्या पलीकडे, ओकच्या उतारावर. दुसरी मादी होती, किंवा तीच. त्यांनी पोट साफ करून ठेवलं होतं, बर्फावर वाफ निघत होती. माझी दोरी दुहेरी विणीची, एका टोकाला कुऱ्हाडीच्या मोडक्या दांड्याचा तुकडा मूठ म्हणून, कारण नुसती दोरी तळव्यात रुतते. दुसऱ्या टोकाला सुरगाठ. आजोबा वाकू शकत नव्हते, तेव्हा ती गळ्यात मीच घातली. मान अजून मऊ होती. ओढलं तशी गाठ सरकत जाऊन केसांत घट्ट बसली. मी ही सुरगाठ शंभरदा केली असेल, गराजमधल्या खिळ्याला अडकवून ओढून पाहिली असेल, पण ती कशासाठी असते ते हाताला तेव्हा कळलं.

पन्नासेक किलो. उतारावर सोपं, ओढ्यात अवघड, पुढच्या चढावर जीव गेला. दोरी ताणायची, मी एक पाऊल पुढे जायचो, मग मागून ती एक पाऊल यायची. दर वीस पावलांना थांबत होतो. मागे बघितलं नाही.

मांस लगेच खायचं नसतं. इथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे, राज्यात तो २००२ साली पहिल्यांदा सापडला. त्यामुळे मुंडकं तपासणीच्या पेटीत ठेवून यायचं आणि निकालाची वाट बघायची. मधल्या काळात मी दोरी घरी आणून धुतली. गार पाण्यात, गरम पाण्याने रक्त पक्कं होतं. सुरगाठीत दोन-तीन राखाडी केस अडकले होते ते चिमट्याने काढावे लागले. वीण कुठेच सैल झाली नव्हती. अभिमान वाटला, आणि तो कुठे ठेवावा कळेना.

अडीच आठवड्यांनी बेल वाजली. आजोबा दारात, हातात पांढऱ्या कागदात बांधलेले चार पुडे. दोन पाठीच्या मांसाचे, दोन सॉसेजचे. "दोरीचे," म्हणाले. मी नको नको म्हटलं. त्यांनी पुडे माझ्या दोन्ही हातांत दिले आणि वरून माझे हात आपल्या हातांनी मिटले, थंडगार, खरबरीत, आणि जरा वेळ तसेच धरून उभे राहिले. मग आत येऊन चहा घेतला, साखर तीन चमचे.

रात्री आईला सांगितलं. रस्सा कसा करू, खोबरं भाजून घालू का, असं विचारायला फोन केला होता खरं तर. तिने सगळं ऐकून घेतलं. दोरी, चढ, पुडे.

"हातात दिलं?" तिने विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही.